ताप आणि दुखण्याची औषधं घरच्या घरी देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरवर ताप, अंगदुखी, डोकेदुखीचे तेच ते प्रश्न दिवसभर येत राहतात. मागे चार माणसं उभी असतात, त्यामुळे उत्तर अर्धवटच राहतं. म्हणून फार्मासिस्ट म्हणून जे सांगायचं असतं ते इथे सविस्तर लिहितो आहे. हे सारं एरवी तब्येत धडधाकट असलेल्या माणसासाठी आहे. यकृताचा, किडनीचा, हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला डोसच खरा.

क्रोसिन चांगली, डोलो चांगली की कॅल्पॉल?

तिन्ही एकच. आत पॅरासिटामॉल आहे, फरक कंपनीचा आणि ताकदीचा. एक गोळी ५०० एमजीची असते, एक ६५० ची. जन औषधीतली साधी पॅरासिटामॉलही तेच काम करते आणि स्वस्त पडते.

पण हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण घरोघरी होणारी सगळ्यात मोठी चूक इथेच सुरू होते. नावं वेगळी म्हणून औषधं वेगळी, असं समजून माणसं तीन ठिकाणचं पॅरासिटामॉल एकाच दिवशी घेतात. हिशेब करून बघा. तापासाठी डोलो ६५० दिवसातून तीनदा, म्हणजे १९५० एमजी. सर्दीसाठी सिनारेस्टसारखी गोळी तीनदा, तिच्यात प्रत्येकी ५०० एमजी पॅरासिटामॉल, म्हणजे १५००. कंबर धरली म्हणून झेरोडॉल-पी दोनदा, तिच्यात ३२५, म्हणजे ६५०. बेरीज ४१०० एमजी. निरोगी, भरल्या अंगाच्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. या माणसाने कुठलीच गोळी ठरल्यापेक्षा जास्त घेतलेली नाही, तरी तो मर्यादा ओलांडून बसला.

म्हणून पट्टी उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. पॅरासिटामॉल हा शब्द दिसला की पुढचा आकडा बेरजेत धरायचा. सर्दीच्या बहुतेक गोळ्या, कॉम्बिफ्लाम, सॅरिडॉन, विक्स ॲक्शन ५००, सगळ्यांत ते आहे.

मोठ्या माणसाने एका वेळी किती आणि दिवसाला किती घ्यावं?

पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० एमजी. दोन डोसांमध्ये निदान चार तास, शक्यतो सहा. चोवीस तासांत ४००० एमजीच्या वर नाही. डॉक्टरांना न विचारता घेणार असाल तर मी ३००० वरच थांबायला सांगतो. साध्या तापाला एवढं पुरतं.

आता आपल्याकडच्या कित्येक बायका आणि म्हातारी माणसं ५० किलोंच्या आतली असतात. त्यांना ४००० चा आकडा लागू नाही. ४० किलोच्या आजीला एका वेळी ५०० ची एकच गोळी द्या आणि दिवसाला चार गोळ्यांच्या वर जाऊ नका. उपास सुरू असेल, दोन-चार दिवस अन्न गेलं नसेल, कावीळ होऊन गेली असेल, तरीही हात आखडता घ्यायचा.

ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा दुखणं पाच दिवसांत थांबलं नाही, तर स्वतःच्या मनाने गोळ्या चालू ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा.

मुलाला किती एमएल द्यायचं?

‘तीन वर्षांचा आहे, किती देऊ?’ असं फोनवर विचारतात. माझा उलटा प्रश्न दोन गोष्टींचा असतो: वजन किती, आणि बाटलीवर काय लिहिलंय? वयावरून अंदाजे देता येतं, पण त्याच वयाचं एक पोर ११ किलोंचं असतं आणि दुसरं १६ चं.

मुलांचा पॅरासिटामॉलचा डोस असा: दर किलो वजनामागे १० ते १५ एमजी, एका वेळी. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. दिवसभरात चारच डोस, आणि एकूण दर किलोमागे ६० एमजीच्या वर नाही. १० किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० एमजी, दिवसाला फार तर ६००.

एमजीचं एमएल करायचं ते बाटली बघून. आपल्याकडे सर्रास मिळणारं एक सिरप ५ एमएलमध्ये १२५ एमजीचं असतं (काही ठिकाणी १२०). दुसरं, बहुधा डीएस (म्हणजे दुप्पट ताकदीचं) लिहिलेलं, ५ एमएलमध्ये २५० एमजीचं. आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स १ एमएलमध्येच १०० एमजीचे, काही कंपन्यांचे १५० चे. आपल्या १० किलोच्या बाळाला १२५ च्या सिरपचे ४ ते ६ एमएल, २५० च्या सिरपचे २ ते ३ एमएल आणि १०० एमजीवाल्या ड्रॉप्सचा १ ते दीड एमएल. १५ किलोच्या मुलाला १२५ चं ६ ते ९ एमएल किंवा २५० चं ३ ते साडेचार. २० किलोच्या मुलाला २५० चं ४ ते ६ एमएल.

ड्रॉप्स पातळ, लहान बाळाचे, म्हणून सौम्य असतील असा समज आहे. तो उलटा आहे. बाळाला थोडंसंच पाजावं लागावं म्हणून ते दाट केलेले असतात. सिरप संपलं म्हणून कुणी ड्रॉप्सच्या बाटलीतून ५ एमएल पाजलं, तर ५०० एमजी गेलं. १० किलोच्या बाळाला हा तिपटीहून जास्त डोस झाला. घरात दोन्ही बाटल्या असतील तर एक तरी बाजूला काढा, आणि जी ठेवाल तिच्यावर आजचं वजन आणि त्याचे एमएल पेनाने लिहून चिकटवा. रात्री दोनला झोपेत हिशेब जमत नाही.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर यातलं काहीच लागू नाही. त्याचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की औषध देऊन वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

वजन माहीत नाही. आता?

आईने बाळाला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीने, आणि वजाबाकी. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, ते माता बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं असतं. कार्ड हाताशी ठेवा. मागच्या वर्षीचं वजन धरून चालू नका.

घरातला चमचा चालेल ना?

नाही. चहाचा चमचा कुठे ३ एमएलचा असतो, कुठे ६ चा. बाटलीच्या झाकणावरचं माप वापरा, आणि लहान बाळासाठी सुईशिवायची ५ एमएलची सिरिंज घ्या. काही रुपयांत मिळते. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, घशात मारू नका, ठसका लागतो. सिरप आधी चांगलं हलवा. हलवलं नाही तर औषध तळाशी बसतं, पहिले डोस पुळचट जातात आणि शेवटचे जड. दुसऱ्या औषधाचं माप या बाटलीला लावू नका.

ताप ९९ आहे, औषध देऊन टाकू का?

आकड्यासाठी औषध द्यायचं नसतं, मुलाच्या त्रासासाठी द्यायचं असतं. १०१ ताप असूनही पोर खेळतंय, पाणी पितंय, तर थांबता येतं. १००.५ च आहे पण अंग दुखतंय, चिडचिड आहे, झोप नाही, तर द्या. झोपलेल्या मुलाला केवळ डोसची वेळ झाली म्हणून उठवायची गरज नसते.

तापाने आकडी येईल या भीतीने काही घरांत दर तीन तासांनी औषध देतात. पॅरासिटामॉलने तापाची आकडी टळते असं नाही. जास्त डोसाने तर नाहीच. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने. बर्फ, गार पाणी, कोलनवॉटर, स्पिरिट यांचा हट्ट सोडा.

लस द्यायच्या आधीच सिरप देऊन ठेवू का?

नको. ताप आला, जागा दुखायला लागली, तर द्या. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींच्या वेळी बाळ फारच लहान असतं, तेव्हा डोस सिस्टरकडून किंवा आशाताईंकडून लिहूनच घ्या, किती एमएल आणि किती वेळा.

औषध दिलं आणि पोराने उलटी केली

अर्ध्या तासाच्या आत सगळं बाहेर आलं, तर तोच डोस एकदा पुन्हा द्या. त्यापेक्षा उशिरा उलटी झाली, तर ते पोटात मुरलंय असं समजा आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबा. दुसऱ्यांदाही पडलं तर डॉक्टर. गुदद्वारातून ठेवायची पॅरासिटामॉलची कांडीही मिळते. ती वापरली की तीही दिवसाच्या चार डोसांतच धरायची.

पॅरासिटामॉलने उतरत नाही, आयबुप्रोफेन देऊ? दोन्ही आलटून पालटून?

आयबुप्रोफेन, म्हणजे ब्रुफेन, इबुजेसिक, हे सूज आणि दुखणं दोन्हींवर चांगलं काम करतं. पण पॅरासिटामॉलइतकं ते भोळं नाही. पोटाचं अस्तर आणि किडनी, दोघांवर त्याचा भार येतो. सहा महिन्यांखाली नको. मुलांना दर किलोमागे ५ ते १० एमजी, सहा ते आठ तासांनी, दिवसाला तीनदाच. १० किलोच्या मुलाला ५० ते १०० एमजी, म्हणजे ५ एमएलमध्ये १०० एमजी असलेल्या सिरपचे अडीच ते पाच एमएल. मोठ्यांना स्वतःच्या मनाने घ्यायचं तर एका वेळी २०० ते ४००, दिवसाला १२०० च्या वर नाही. खाऊन घ्या, आणि पाणी भरपूर प्या.

जुलाब-उलट्यांनी मूल सुकलेलं असेल, लघवी कमी होत असेल, कांजिण्या असतील किंवा दमा असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आयबुप्रोफेन नको.

आलटून पालटून द्यायची पद्धत दवाखान्यात कधी वापरतात. घरी मी ती सुचवत नाही. आई एक डोस देते, आजी दुसरा, बाबा ऑफिसातून आले की तिसरा, आणि कुणी काय दिलं ते रात्री कुणालाच सांगता येत नाही. त्यात बाजारातल्या बऱ्याच सिरपांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल आधीच एकत्र असतात, इबुजेसिक प्लस त्यातलंच. ते देऊन वर कॅल्पॉल दिलं तर पॅरासिटामॉल दुप्पट झालं. एका वेळी एकच औषध धरा, आणि फ्रिजवर कागद लावून वेळ, औषध, एमएल लिहा.

पावसाळ्यात ताप आला तर?

जून ते नोव्हेंबर आपल्याकडे डेंग्यूचा काळ, आणि कोकणात, मुंबईत लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप). रिपोर्ट हातात येईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डिस्प्रिन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक काहीही नको. डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि ही औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. लेप्टोत किडनी आधीच माराखाली असते. अंग ठणकतं, डोळ्यांच्या मागे दुखतं, तेव्हा ‘जरा जोराची द्या’ असा आग्रह होतो. तो मानू नये असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. डेंग्यूत यकृतालाही सूज येते, म्हणून पॅरासिटामॉलचीही मर्यादा पाळायचीच.

ताप उतरतो तो दिवस डेंग्यूत बरा समजू नका. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, ही लक्षणं नेमकी तेव्हा येतात.

निमेसुलाइडने ताप झटकन उतरतो, मुलाला देऊ?

नाही. भारतात २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाइडवर बंदी आहे, कारण यकृताचा धोका. अमेरिका-ब्रिटनमध्ये ते बाजारात आलंच नाही. घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या.

ॲस्पिरिन, म्हणजे डिस्प्रिन, १६ वर्षांखाली तापात द्यायचंच नाही. फ्लू किंवा कांजिण्यांत त्याने रेज सिंड्रोम होऊ शकतो, मेंदू आणि यकृत दोन्ही बिघडतात. मेफ्टाल-पी म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड. डॉक्टर ते लिहून देतात, पण ‘मागच्या वेळी दिलं होतं’ म्हणून आपण होऊन पाजायचं औषध ते नाही. २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने त्याच्या एका गंभीर प्रतिक्रियेबद्दल सावध केलं होतं: अंगावर पुरळ, ताप, गाठी, आतले अवयव बिघडणं. असं औषध घेताना पुरळ उठलं तर ते लगेच थांबवा आणि दाखवा.

सर्दी-तापाचं एकत्र सिरप द्यावं का?

लहान मुलाला नको. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही सर्दीची औषधं असलेल्या मिश्रणांवर ‘४ वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. त्यांतल्या कित्येकांत पॅरासिटामॉलही असतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली मुलं किडनी बंद पडून नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली, त्यातली अनेक दगावली. त्यांना दिलेलं सिरप याच प्रकारचं होतं, आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. दोष पॅरासिटामॉलचा नव्हता, भेसळीचा होता. ताप आहे तर तापाचं एकच औषध द्या, नाक चोंदलंय तर मिठाच्या पाण्याचे थेंब. आणि सिरप घ्या ते बिल, बॅच नंबर आणि तारखेसकट.

बाबांना बीपी, शुगर आहे. गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेतात.

हे वाचून बऱ्याच घरांत कुणीतरी आठवेल. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, हे तिन्ही एकत्र आले की किडनीचा रक्तपुरवठा खालावतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की आणखीच. बीपीही चढतं. हार्ट ॲटॅक येऊन गेलाय आणि इकोस्प्रिन (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली ॲस्पिरिन) सुरू आहे, तर आयबुप्रोफेन इकोस्प्रिनचं काम अडवू शकतं, आणि जठरातून रक्त जायचा धोका वाढतो. काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

अशा माणसांनी पॅरासिटामॉल, शेक, व्यायाम आणि वरून लावायचं जेल यावर भागवावं, आणि गोळी लागतच असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅकच्या पट्टीवर लाल रेघ असते. ती चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि दुकानदाराने दिली म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

गरोदरपणात काय चालतं?

पॅरासिटामॉल, कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. आयबुप्रोफेन आणि त्याच्या जातीची औषधं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत, आणि पाचव्या महिन्यानंतर तर टाळायचीच, बाळाच्या किडनीवर आणि हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीवर परिणाम होतो. अंगावर पाजणाऱ्या आईला पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही चालतात.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, घरी येऊन गोळी कधी?

कशाचं इंजेक्शन दिलं ते तिथेच विचारा. पॅरासिटामॉलचं किंवा डायक्लोफेनॅकचं असेल तर ते हिशेबात धरून पुढची वेळ ठरते.

रात्री घेतली होती, सकाळी डोकं जड. एक गोळी टाकू?

दारूबद्दल विचारत असाल तर, रोज पिणाऱ्या माणसाच्या यकृताला पॅरासिटामॉलचा नेहमीचा डोसही जड जाऊ शकतो. दिवसाला २००० एमजीच्या आत राहा. आयबुप्रोफेन आणि दारू एकत्र आल्यावर पोटातून रक्त जायचा धोका आहे.

डोकं रोजच दुखतं, रोजच गोळी लागते.

महिन्यातले १५ दिवस साधी पॅरासिटामॉल, किंवा १० दिवस सॅरिडॉनसारखी मिश्र गोळी, असं काही महिने चाललं तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. डोकं दुखतं म्हणून गोळी, आणि गोळीचा असर उतरला की पुन्हा डोकं. हे चक्र डॉक्टरांच्या मदतीने मोडावं लागतं. चष्म्याचा नंबर आणि बीपीही तपासा.

जास्त डोस गेला. मूल तर ठीक दिसतंय.

ठीक दिसतंय म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉलचं विष पहिला दिवसभर काही दाखवत नाही, फार तर मळमळ. यकृत बिघडल्याच्या खुणा, पोटाच्या उजव्या बाजूला दुखणं, डोळे पिवळे होणं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. तोवर उपचाराची चांगली वेळ निघून गेलेली असते. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. उशीर झाला असला तरीही जायचंच, उतारा तेव्हाही देतात.

एका वेळी दर किलोमागे १५० एमजी किंवा त्याहून जास्त गेलं असेल, किती गेलं ते कळत नसेल, किंवा दोन-तीन दिवस थोडं थोडं जास्त जात राहिलं असेल, तर मोठा दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं. मीठपाणी पाजून उलटी करवू नका. बाटली, पट्टी, जे असेल ते सोबत न्या आणि साधारण किती वाजता गेलं ते सांगा. हे कुणी मुद्दाम घेतलं असेल तर रागावत बसू नका, एकटं सोडू नका आणि आधी दवाखाना.

पट्टीतून दोनच गोळ्या कापून घेतल्या, चालतं का?

परवडत नाही तेव्हा चालवावं लागतं, मला ते कळतं. पण पट्टी कापताना नाव एका तुकड्यावर जातं आणि तारीख दुसऱ्यावर. घरी आठ दिवसांनी ड्रॉवरमध्ये चंदेरी तुकडा सापडतो आणि ती तापाची की साखरेची, हे ओळखता येत नाही. नाव आणि तारीख असलेला तुकडाच मागा, नाहीतर पाकिटावर लिहून घ्या. कागदाच्या पुडीत सुट्या, बिननावाच्या रंगीत गोळ्या कुणी देत असेल तर घेऊ नका. त्यांत काय आहे ते तुम्हालाही कळणार नाही आणि उद्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही.

मुलगी अमेरिकेत आहे, नातवासाठी इथलं सिरप नेऊ का?

नका नेऊ, तिथे तेच मिळतं. तिकडे पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि टायलेनॉल हा त्याचा ब्रँड. पण तिथलं मुलांचं सिरप ५ एमएलमध्ये १६० एमजीचं असतं, आणि ब्रिटनमधलं लहान मुलांचं कॅल्पॉल १२० चं. इथले ‘पाच एमएल’ तिथे सांगू नका, एमजी सांगा. सर्दीसाठी तिथे मिळणाऱ्या नायक्विलसारख्या औषधातही ॲसिटामिनोफेन असतं, तेव्हा सोबत नेलेली डोलो आणि ते, दोन्ही एका रात्री घेऊ नका. आणि निमेसुलाइड असलेली गोळी बॅगेत असेल तर निघण्याआधी काढून ठेवा.